कातरणांचा पतंग: उरलेल्या कागदातून संक्रांतीचं भेटकार्ड

घरात साठलेल्या लग्नपत्रिका बाहेर काढा आणि पत्रिका एका बाजूला, पाकिटं दुसऱ्या बाजूला अशा वेगळ्या करा. पत्रिकेचा कागद जाड असतो, पाकिटाचा पातळ. या कार्डात दोन्ही लागतात, पण त्यांची अदलाबदल चालत नाही. जाड कागदात पतंगाच्या आकाराची खिडकी कापायची आणि पातळ कागदाच्या घडी घातलेल्या पट्ट्या मागून एकेक करून गोल फिरवत लावायच्या. पुढून पाहिलं की पट्ट्यांच्या कडा भोवऱ्यासारख्या आत वळत गेलेल्या दिसतात. या प्रकाराला आयरिस फोल्डिंग म्हणतात. कॅमेऱ्याच्या भिंगामागची पाती जशी एकावर एक सरकतात, तशा या पट्ट्या बसतात, म्हणून हे नाव. नेदरलँड्समध्ये हा छंद वापरलेल्या पाकिटांच्या आतल्या नक्षीदार कागदावरच वाढला. तेव्हा लग्नाच्या पाकिटांसाठी तो अगदी योग्य आहे.

पट्ट्यांसाठी ८० ते १०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद हवा. झेरॉक्सचा कागद साधारण ७५-८० जीएसएमचा असतो, हाताला तेवढा लागला की झालं. पाकिटं, भेटवस्तूंचे वेष्टनाचे कागद, घोटीव कागद, मार्बल पेपर सगळं चालतं. पतंगाचा खरा ताव मात्र फार पातळ पडतो, घडी घातली तरी मागची पट्टी त्यातून दिसते. उलट पत्रिकेच्याच जाड कागदाच्या पट्ट्या केल्या, तर दुहेरी घड्या एकावर एक चढून कोपऱ्यांत गाठ येते आणि कार्ड मिटत नाही. बहुतेकांचं पहिलं कार्ड इथेच बिघडतं.

बहुतेक पत्रिकांवर गणपती असतो. त्याच्यावरून कात्री चालवायला अनेकांना आवडत नाही, म्हणून तेवढा भाग आधी अख्खा कापून बाजूला ठेवा.

साचा आखणं

शाळेच्या वहीतला आलेखकागद घ्या, त्यावर मिलिमीटर आयते मिळतात. टोकदार पेन्सिलीने ५० मिमी बाजूचा चौरस काढा. प्रत्येक कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ५ मिमीवर खूण करा आणि चारही खुणा जोडा. आत थोडा वळलेला नवा चौरस तयार होतो, त्याची बाजू सुमारे ४५ मिमी भरते. आता या नव्या चौरसाच्या कोपऱ्यांपासून त्याच दिशेने पुन्हा ५ मिमी मोजा आणि जोडा. अशा सात फेऱ्या करा. शेवटी मधला चौरस साधारण १८ मिमीचा उरला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला, तर एखाद्या फेरीत माप घसरलं आहे. तोच साचा पुढे नेऊ नका, भोवरा वाकडा दिसतो.

प्रत्येक फेरीत चार निमुळते त्रिकोण तयार होतात. बाहेरच्या फेरीपासून त्यांना ओळीने १ ते २८ आकडे घाला. चार रंग घेतले, तर १, ५, ९, १३, १७, २१, २५ हे एका रंगाचे, २ पासून सुरू होणारे दुसऱ्या रंगाचे, याप्रमाणे. प्रत्येक त्रिकोणात त्या रंगाचा छोटा ठिपका द्या, काम करताना चूक होत नाही. मग साच्यावर रुंद सेलोटेप चिकटवून टाका. गोंद सांडला तर पुसता येतो आणि एकाच साच्यावर बरीच कार्डं निघतात.

दुसरा साचा खिडकीचा. बिस्किटाच्या किंवा औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा १३८ × ९५ मिमी कापा. त्यात ५० मिमीचा चौरस कोपऱ्यावर उभा करायचा आहे. त्याचा कर्ण ७१ मिमी भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंना १२-१२ मिमी जागा राहते. वरून १५ मिमी सोडा, खाली शेपटीला आणि मजकुराला ५२ मिमी उरतात. याहून मोठा पतंग घेऊ नका. पट्ट्यांची टोकं चिकटवायला कडेला जागाच राहत नाही.

कापणं

पत्रिकेची कोरी बाजू पुढे येणार आहे. घडीची रेघ किंवा उठावाची छपाई नसलेला भाग बघून त्यावर साचा ठेवा आणि १३८ × ९५ मिमीची पाटी व तिच्यातली खिडकी आखा. खिडकी कटरनेच कापा, आणि त्याआधी पात्याचं बोथट टोक मोडून नवं काढा. खाली जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा, वर स्टीलची पट्टी. पातं कोपऱ्यात टेकवून मधोमधपर्यंत आणा, मग समोरच्या कोपऱ्यातून मधोमध या. एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं की पातं कोपऱ्याच्या पुढे जातं आणि तो चिरा पुढून उघडा पडतो. जोर लावू नका, हलक्या हाताने तीन वेळा फिरवा. निघालेला चौरस तिळगुळाच्या पुडीवर नाव लिहायला छान होतो.

प्रत्येक रंगाच्या २० मिमी रुंद आणि २०० मिमी लांब अशा दोन पट्ट्या पुरतात. छापील बाजू बाहेर ठेवून त्या उभ्या मधोमध दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घडी घोटा. आता रुंदी १० मिमी झाली. पहिलीचे ६० मिमीचे तीन तुकडे करा, दुसरीचा ६० चा एक आणि ४५ चे तीन. लांब तुकडे पहिल्या चार फेऱ्यांचे, आखूड शेवटच्या तीन फेऱ्यांचे. घडी घोटायचा कंटाळा करू नका. पुढून दिसते ती घडीची कडाच, ती फुगीर राहिली तर सगळी रेखीवता जाते.

पट्ट्या लावणं

आकड्यांचा साचा टेबलावर मास्किंग टेपने पक्का करा. त्यावर पाटी पालथी, म्हणजे कोरी बाजू खाली करून, खिडकी चौरसावर तंतोतंत जुळवून ठेवा. पाटीची फक्त वरची कड टेपने लावा, बिजागरीसारखी. मग मध्येच पाटी उचलून पुढची बाजू पाहता येते आणि ती परत जागच्या जागी बसते.

पहिला तुकडा घ्या. घडीची कड आकडा १ च्या त्रिकोणाच्या आतल्या रेघेवर ठेवा. घडी नेहमी मध्याकडे, सुट्या कडा बाहेर. दोन्ही टोकं पाटीला चिकटवा. मग २, ३, ४. दुसऱ्या फेरीपासून टोकं आधीच्या पट्ट्यांवर येतात. घडीच्या कडेला गोंद लावायचा नाही, फक्त टोकांना. पाटीबाहेर गेलेली टोकं प्रत्येक फेरीनंतर छाटा.

इथे पांढरा फेविकॉल टाळा. त्यातलं पाणी पातळ कागद शोषून घेतो आणि पट्टी सुरकुतते. ग्लूस्टिक बरी. पण पाटीची मागची बाजू म्हणजे पत्रिकेची छापील बाजू, आणि ती बऱ्याचदा लॅमिनेट केलेली असते. त्यावर ग्लूस्टिक तात्पुरती धरते आणि वाळली की सुटते. आधी कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो जिरला नाही तर खिडकीभोवतीचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा किंवा पहिल्या फेरीला डबल टेप वापरा. पुढच्या फेऱ्या कागदावर कागद असल्याने अडत नाहीत. शेवटच्या दोन फेऱ्यांना सेलोटेपचे छोटे तुकडे लावा. तिथे टोकं जवळजवळ येतात आणि गोंद साच्यावर उतरतो.

२८ झाले की मधल्या भोकावर ३० मिमीचा सोनेरी किंवा चंदेरी तुकडा पालथा चिकटवा. पुढून एखादी पट्टी तिरकी दिसली, तर पुढची फेरी सुरू करण्याआधीच ती सोडवा. वर चार पट्ट्या बसल्यावर खालची काढताना कागद फाटतो.

कार्ड जोडणं

संक्रांतीला काळा रंग हवाच, म्हणून मूळ कार्ड काळ्या कार्डशीटचं करा. २५० जीएसएमची ए४ शीट आडवी मधोमध कापली की १४८ × २१० मिमीचे दोन भाग मिळतात. २१० च्या बाजूवर १०५ मिमीवर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा आणि मग दुमडा. न दाबता दुमडलं की काळ्या कागदाची घडी फुटते आणि पांढरट तंतू दिसतात. मोठ्या शीटमधून तुकडा कापणार असाल, तर तो आधी दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून पाहा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या दिशेची घडी सुबक बसते.

पाटी डबल टेपने कार्डाच्या मधोमध लावा, चारही बाजूंना ५ मिमी काळी कड राहते. खालच्या कोपऱ्यापासून शिलाईचा साधा दोरा सोडा आणि उरलेल्या कातरणांचे त्रिकोण त्यावर शेपटी म्हणून चिकटवा. खरा मांजा लावू नका, बोट कापतं. आत पाठकोऱ्या कागदाचा १३८ × ९५ मिमीचा तुकडा चिकटवा, म्हणजे ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ लिहायला उजळ जागा मिळते.

एक रात्र कार्ड जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. पाकीट ११४ × १६२ मिमीचं लागतं. त्याच मापाचं एखादं जुनं पाकीट उलगडून पुठ्ठ्यावर उतरवलं की तिसरा साचा तयार. पाकिटासकट कार्डाचं वजन १८ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि पोस्टाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. कार्डशीट ३०० जीएसएमची घेतली तर ते २० च्या वर जाऊ शकतं, तेव्हा तिकीट लावण्याआधी वजन करून घ्या.