जुन्या गाडीतला ‘ठक्क’ आवाज: या चुका टाळा

पावसाळा ओसरला की सहकारनगरमधल्या आमच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कुणी ना कुणी गाडी घेऊन येतंच. गाडी बारा-पंधरा वर्षांची, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “पुढून ठक्क वाजतंय, लिंक रॉड गेला असणार.” (लिंक रॉड म्हणजे सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा.) आवाज कधी येतो, कुठल्या बाजूने येतो, ब्रेक लावल्यावर बदलतो का, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. आवाज नीट ऐकलेलाच नसतो, पार्टचं नाव मात्र तयार असतं. मला याचा खरंच वैताग आलाय, कारण यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात.

अंदाजाने पार्ट बदलत सुटणं

माझा भाचा धायरीला राहतो, सिंहगड रोडने रोजचं जाणं-येणं. गेल्या वर्षी त्याच्या गाडीत पुढच्या डाव्या बाजूने खड्ड्यात ठक्-ठक् सुरू झालं. गॅरेजमध्ये शॉकॲब्सॉर्बर सांगितले, त्याने दोन्ही बदलले. आवाज तसाच. मग लिंक रॉड, मग लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा. साडेचौदा हजार गेले आणि आवाज जिथल्या तिथे. शेवटी तो माझ्याकडे आला. “मामा, आता स्टिअरिंगचा रॅक बदला म्हणतायत.”

मी शेजारी बसलो, काचा खाली केल्या आणि त्याला मागच्या उखडलेल्या गल्लीतून पंधराच्या वेगाने गाडी न्यायला सांगितली. आवाज येतच होता. मग म्हटलं, “आता ब्रेकवर पाय नुसता टेकव, दाबू नकोस.” आवाज थांबला. पाय काढला, पुन्हा सुरू.

“ब्रेक पॅड कधी बदललेस?”

“मार्चमध्ये.”

“आणि आवाज कधीपासून येतोय?”

तो क्षणभर थांबला. “त्याच सुमारास, मामा.”

चाक काढलं. पॅड घट्ट धरून ठेवणारी स्प्रिंग क्लिप पॅड बदलताना परत बसवलेलीच नव्हती. पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या ब्रेकच्या भागात, मोकळा होता आणि प्रत्येक खड्ड्यात आपटत होता. ब्रेक हलकेच लागला की पिस्टन त्याला डिस्कवर दाबून धरतो, म्हणून आवाज बंद व्हायचा. नाना पेठेतून क्लिपचा सेट आणला, अर्ध्या तासात काम झालं. काढून टाकलेल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेलाची गळती नव्हती, दांडा सरळ होता. चांगला माल भंगारात गेला.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीवर शेवटचं काम कोणतं झालं?

आवाज कधी येतो, हे न टिपणं

पाना हातात घेण्याआधी मी वहीत चार ओळी लिहितो. तुम्हीही लिहा, कारण खरं निदान त्यातच असतं. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर वाजतं, पण दोन्ही चाकं एकदम चढतील अशा रुंद गतिरोधकावर फारसं वाजत नाही, तर आधी लिंक रॉड आणि स्टॅबिलायझर बारचे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे बघा. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली की बारला पीळ बसत नाही, म्हणून तो शांत राहतो. क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना एकच ठोका बसतो, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे निघताना कट्-कट्-कट् येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग तणाणते, तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीचं) वरचं माउंटिंग.

बाजू कळत नसेल तर उंच कंपाउंडच्या भिंतीला समांतर हळू चालवा. भिंतीवरून परतलेला आवाज स्पष्ट ऐकू येतो. मी कॅम्पातल्या शांत रस्त्यांवर पहाटे जातो. भर ट्रॅफिकमध्ये ऐकण्यात अर्थ नाही.

आणि या सगळ्याच्या आधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, सैल स्टेपनी, सगळं बाहेर.

रबरावर तेल मारणं

बुशवर इंजिन ऑइल किंवा कुठलाही स्प्रे मारला की आवाज दोन-चार दिवस जातो. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, मग चालणारा बुशही जातो. गाडी विकण्यापुरता आवाज दाबायला हे करणारे लोक आहेत. मी त्यांना पार्किंगमध्ये उभं करत नाही.

लोअर आर्मचे बोल्ट हवेतच आवळणं

घाई करणाऱ्या नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक, आणि काही जुन्या मेस्त्रींकडूनही. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, नवा आर्म बसवला आणि बोल्ट तिथेच कचकचून आवळले. बुशच्या आतली धातूची नळी बोल्टने जागच्या जागी जखडली जाते आणि आर्म हलताना मधलं रबर पिळलं जातं. लोंबकळत्या अवस्थेत जखडलं तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं. नवा बुश लवकर फाटतो आणि ठक्क परत येतो. मग लोक पार्टला ‘डुप्लिकेट’ म्हणतात.

मी बोल्ट आधी हाताने बसवतो. मग गाडी चाकांवर उतरवतो, बॉनेटवर दोन-तीनदा जोर देऊन हलवतो आणि गॅरेजमधल्या खालून काम करायच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर नेऊन शेवटचं आवळतो. रॅम्प नसेल तर आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं. त्यासाठी गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, एक मिनिटसुद्धा.

शॉकॲब्सॉर्बर बदलायचेच असतील तर जोडीने बदला.

बॉल जॉइंट ‘पुढच्या सर्व्हिसला’ ढकलणं

बॉल जॉइंट म्हणजे आर्म आणि चाक यांना जोडणारा गोल सांधा. बाकी आवाज घेऊन महिनाभर चालवलंत तर मी समजून घेईन, हा नाही. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा, आणि कुणाला तरी टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्मवर हलका दाब द्यायला सांगा. जॉइंटमध्ये ढिलाई दिसली, रबराचं बूट फाटून ग्रीस गेलेलं दिसलं, तर गाडी तिथेच ठेवा. जॉइंट निखळला तर चाक बाहेर मुडपतं आणि स्टिअरिंग काही ऐकत नाही. कात्रजचा जुना घाट उतरताना ते झालं तर काय, याचा विचार करा. मेस्त्रीला घरी बोलवा किंवा टोइंगने न्या, पण ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.