विंडोज ११: डिफॉल्ट टर्मिनल बदलताना

आधी एक घोळ मिटवू. टर्मिनल म्हणजे खिडकी. पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट हे त्या खिडकीत चालणारे शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारे प्रोग्रॅम. दोन्हींची सेटिंग्ज वेगळी आहेत. बरेच जण एकच बदलतात आणि ‘काहीच झालं नाही’ म्हणतात.

विंडोज टर्मिनल उघडून कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबा. ‘स्टार्टअप’मध्ये वरच ‘डिफॉल्ट प्रोफाइल’ आहे. नवा टॅब कोणत्या शेलने उघडायचा ते इथे ठरतं. त्याखालच्या ‘डिफॉल्ट टर्मिनल ॲप्लिकेशन’मध्ये विंडोज टर्मिनल निवडा. मग तळाचं ‘सेव्ह’ दाबायचंच, नुसती खिडकी बंद केली तर बदल राहत नाही. विंडोज टर्मिनल कॉम्प्युटरवर नसेलच तर ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, फुकट आहे.

पॉवरशेल ७ हवं असेल तर ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, विंडोजसोबत ५.१ येतं. इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं की त्याचं प्रोफाइल सहसा आपोआप दिसतं.

प्रोफाइलमधला ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा पर्याय कायमचा चालू ठेवू नये. दर वेळी परवानगीची चौकट येते, शिवाय चुकीची कमांड थेट सिस्टिमवर चालते. लागेल तेव्हा टर्मिनलच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून हाच पर्याय तेवढ्यापुरता निवडा.

‘मोड कॉन’ या कमांडने खिडकीचा आकार ठरवणाऱ्या जुन्या बॅच फाइल्स (एकामागून एक चालणाऱ्या कमांडच्या फाइल्स) विंडोज टर्मिनलमध्ये अडतात, कारण टर्मिनल त्या आकाराला जुमानत नाही. अशांसाठी ‘डिफॉल्ट टर्मिनल ॲप्लिकेशन’मध्ये ‘विंडोज कन्सोल होस्ट’ ही जुनी खिडकी निवडून मागे जाता येतं.