वॉकीटॉकीचा सेलचा डबा तापतोय? या चुका टाळा

"काका, डबा लई तापायलाय. बोलायला बटन दाबलं की चटकाच बसतो."

नाथषष्ठीला पैठणच्या गर्दीत स्वयंसेवक म्हणून उभा राहणारा माझा पुतण्या परभणीला घरी आला तो सेट हातात घेऊनच. मी आधी एवढंच विचारलं, सेल कुठले टाकलेस?

"तीन नवे, दोन रिमोटातले आन एक घड्याळातला."

अर्धं दुखणं तिथंच कळलं. डब्यातले सहा सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून करंट सारखाच जातो. घड्याळातला दमलेला सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे पाच त्याच्यातून करंट रेटत राहतात. मग तो उलटा चार्ज होऊ लागतो, तापतो, शेवटी खार सोडतो. घाईत एखादा सेल उलटा बसला तरी हाच प्रकार. सहाही सेल एका कंपनीचे, एका दिवशी घेतलेले आणि एकाच प्रकारचे हवेत; चार्ज न होणारे घ्यायचे तर अल्कलाइनच. रिमोटात वर्ष काढणारे स्वस्त साधे सेल या कामाचे नाहीत.

पण सगळे सेल नवे घातले तरी पुतण्याचा डबा तापतच होता. तापणारा डबा हातात आला की आधी तो नेमका कुठं तापतो ते बोटानं चाचपा. एकच सेल गरम असेल तर खोट त्या सेलची. सेटची पाठ गरम आणि डबा नुसता कोमट असेल तर उष्णता सेटमधून येते आहे. तेव्हा सलग किती वेळ बोललात ते आठवा आणि अँटेना घट्ट बसलाय का बघा. पुतण्याच्या डब्यात मात्र एका कोपऱ्यातली स्प्रिंग तेवढी भाजत होती.

५ वॉटचा सेट बोलताना साधारण दीड अँपिअर ओढतो. नुसतं ऐकताना यातलं फारसं काही लागत नाही, म्हणून डबा बोलतानाच तापतो. स्प्रिंगच्या टोकाशी गंजामुळे अर्धा ओहमचा अडथळा आला, तर तिथं पाऊण व्होल्ट खर्ची पडतो आणि नखाएवढ्या जागेत एक वॉटच्या वर उष्णता तयार होते. तापलेली स्प्रिंग नरम पडते, सेलला कमी दाबते, अडथळा आणखी वाढतो. दुखणं असं स्वतःलाच पोसत जातं.

हे मोजता येतं. डबा सेटपासून काढा आणि त्याच्या टोकांना ६ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर जोडा, तोही १० सेकंदांपुरताच, फरशीवर ठेवून. तेवढ्यात मल्टिमीटरची एक सुई सेलच्या टोकाला आणि दुसरी ते टोक जिथं टेकतं त्या स्प्रिंगला किंवा पत्र्याच्या पट्टीला लावा. २०-३० मिलिव्होल्ट चालतील. १०० च्या वर आकडा गेला की तो जोड खराब धरा. पुतण्याच्या डब्यात ६४० आले.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: काचकागदानं घासणं. स्प्रिंगवर निकेलचा मुलामा असतो. तो खरवडला की महिन्याभरात गंज परत, आधीपेक्षा जास्त. अल्कलाइनचा पांढरा खार लिंबाच्या दोन थेंबांनी निघतो. मग ओल्या कापसानं पुसा, पूर्ण वाळू द्या, शेवटी खोडरबर फिरवा. खार डोळ्यात जाऊ देऊ नका, तो जाळतो.

डब्याला चार्जरचे टोक असले तरी आत अल्कलाइन सेल घालून चार्जरवर ठेवू नका. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल इथं जास्त बरे, त्यांचा आतला अडथळा कमी असतो. मात्र सहांचे ७.२ व्होल्टच होतात, तेवढ्यावर सेट चालतो का बघा. त्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते सहा घातले तर २२ व्होल्ट होऊन सेटच जाईल.

सेट बंद असताना डबा तापला तर खिसा तपासा. सुटा डबा किल्ल्या नि चिल्लरीसोबत ठेवला की टोकं जुळतात. फुसफुस ऐकू आली तर डबा उघडू नका, जमिनीवर ठेवून लांब व्हा, हातात धरून बसू नका.

पुतण्याच्या डब्यात स्प्रिंगखालचं प्लास्टिक वितळून ती वाकडी झाली होती. सोल्डर मारून उपयोग नव्हता, नवीनच डबा घ्यावा लागला. त्यातही त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, ते तीन नवे सेल यात चालतील ना?"