सेन्सर जिवंत होता, मेलं होतं स्टँडर्ड

उष्णतेत टिकणारा अल्झायमरचा सेन्सर करायला घेतलाय ना? मग हवा तो रेणू पकडायला ॲप्टामर (डीएनए किंवा आरएनएचा घडी पडलेला छोटा तुकडा) घ्यावा की अँटीबॉडी यावर महिना घालवू नका. तापून उलगडलेला ॲप्टामर थंड झाल्यावर बहुधा पुन्हा जागेवर येतो, अँटीबॉडी सहसा येत नाही, हे खरं. पण ॲप्टामरला सोन्याच्या इलेक्ट्रोडवर धरून ठेवणारा थायॉलचा (गंधकयुक्त रेणूंचा) थर उष्णतेत सुटू लागतो. ‘ॲप्टामर घेतला की प्रश्न मिटला’ म्हणणारे सीनियर हे सांगत नाहीत.

माझे पाच महिने मात्र भलत्याच गोष्टीने खाल्ले. सेन्सर ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये, दर सोमवारी एक बाहेर काढायचा आणि अमायलॉइड बीटा ४२ या अल्झायमरशी जोडलेल्या पेप्टाइडच्या त्याच पातळ द्रावणावर तपासायचा. हेच माझं स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण ठाऊक असलेलं द्रावण. दर सोमवारी सिग्नल आणखी खाली. सेन्सरला जपणारी ट्रेहॅलोज साखर वाढवली, लेप बदलला. ढिम्म फरक नाही. एकदा फ्रिजमध्ये विसरलेला सेन्सर सहज लावून पाहिला, तर तोही तितकाच खाली!

म्हणजे बिघडलं होतं ते द्रावण. नीट ऐका. हे पेप्टाइड घट्ट द्रावणात एकमेकांना चिकटून गुठळ्या करतं आणि पातळ द्रावणात ट्यूबच्या भिंतीला चिकटतं. रक्तात ते मिलिलिटरला जेमतेम काही दहा पिकोग्रॅम. त्यातलं भिंतीनेच खाल्लं तर सेन्सरने मोजायचं काय? म्हणून आधी एचएफआयपी या द्रावकाने गुठळ्या मोडा, एकेका वापरापुरते भाग करून उणे ८०ला ठेवा. वितळवलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. लो-बाइंड ट्यूब घ्या. पातळ द्रावण त्याच दिवशी करा, उरलेलं ओतून द्या. आणि न तापवलेला सेन्सर शेजारी चालवा. दर वेळी. तो फ्रिजमधला सापडेपर्यंत मी एकदाही चालवला नव्हता.

गाइडला दोष देत नाही, पण जो स्वतः पिपेट धरत नाही त्याला आलेखात हे दिसत नाही. शेजारच्या बाकावर प्रोटीन शुद्ध करणाऱ्या मैत्रिणीने ट्यूब बघताच विचारलं, “हे द्रावण कधीचं आहे रे?”

अल्झायमरची दुसरी खूण म्हणजे पी-टाऊ २१७ हे प्रथिन. त्याचं रक्तातलं प्रमाण अमायलॉइड बीटा ४२हून कमी, म्हणून घाबरून ते टाळू नका. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजूर केलेली रक्तचाचणी या दोघांच्याच गुणोत्तरावर चालते. मात्र ती प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होते. उन्हातान्हात नेता येईल अशा पट्टीला अजून भरपूर जागा आहे.

ओव्हनमधले उरलेले चार सेन्सर मी ताज्या द्रावणावर पुन्हा तपासले. तीन चालले. चौथ्याचा थर सुटलेला निघाला. सध्या त्याच्या मागे आहे.