गॅपच्या वर्षात कागद आधी उरकून घ्या

बारावीनंतर एक वर्ष थांबून नीट किंवा सीईटीची पुन्हा तयारी करणारी पोरं अभ्यास मन लावून करतात, पण जात पडताळणीसाठी (राखीव जागेला लागणारं, जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र) धावतात ऐन जूनमध्ये. तेव्हा नागपुरात सेतू केंद्रापुढे रांग असते आणि उकाडा वेगळाच.

हे काम दिवाळीनंतर, थंडीत करा.

१. सगळ्यात वेळखाऊ असतो तो जातीचा जुना पुरावा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आजोबा शिकले त्या गावच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा (शाळेत कोण आलं, कोण गेलं याची नोंदवही) उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसीलमध्ये कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल. काटोल, उमरेडकडे गाव असेल तर आजीला सोबत न्या. कोणाचं नाव कागदावर कसं लागलं असेल, हे तिलाच ठाऊक असतं.

२. आडनावात किंवा स्पेलिंगमध्ये फरक दिसला तर तेव्हाच दुरुस्ती सुरू करा.

३. डोमिसाइल, म्हणजे अधिवासाचा दाखला, काढून ठेवा. गॅपचं प्रतिज्ञापत्र मात्र प्रवेशाच्या वेळी, कॉलेजच्या नमुन्यातच करा. क्लासची फी पावती आणि परीक्षेचं स्कोअरकार्ड त्याच फाइलमध्ये.

एक सांभाळा: नॉन-क्रीमीलेयरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, घाई नको. एका वर्षाचं काढलं तर त्याची मुदत येत्या ३१ मार्चलाच संपते. प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, म्हणून ते एप्रिल उजाडल्यावरच काढा.