आयनीभवन ऊर्जेचा क्रम लावताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र शिकवताना एकच चुकीचे उत्तर मी दरवर्षी तपासतो. सोडिअम, मॅग्नेशिअम, अ‍ॅल्युमिनिअम आणि सिलिकॉन यांचा पहिल्या आयनीभवन ऊर्जेचा (वायुरूप अणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा) चढता क्रम विचारला, की बहुतेक विद्यार्थी ही नावे आवर्तसारणीतल्याच क्रमाने लिहून मोकळे होतात, कारण ‘आवर्तात (सारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे वाढते’ एवढेच वाक्य त्यांनी पाठ केलेले असते. खरा क्रम सोडिअम ४९६, अ‍ॅल्युमिनिअम ५७८, मॅग्नेशिअम ७३८ आणि सिलिकॉन ७८६ किलोज्यूल प्रति मोल असा आहे. अ‍ॅल्युमिनिअममधून निघणारा इलेक्ट्रॉन ३पी उपकवचातला (उपकवच म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या कवचाचा एक भाग) असतो. तो ३एसमधल्या इलेक्ट्रॉनांपेक्षा वरच्या ऊर्जापातळीवर असतो आणि त्यांच्या आडोशामुळे केंद्रकाची ओढही त्याला कमी जाणवते, म्हणून एक प्रोटॉन वाढूनही तो लवकर सुटतो.

एका वर्षी घोडबंदर रस्त्याकडून येणारा एक मेहनती मुलगा सीईटीच्या तयारीसाठी मोबाइलवर फिरणारा ‘ट्रिक’चा कागद घेऊन आला. ‘गण २ आणि गण १५ हे अपवाद’ असे त्यावर लिहिले होते (गण म्हणजे सारणीतला उभा स्तंभ). कारण कुठेच दिले नव्हते. पहिल्या आयनीभवन ऊर्जेची उदाहरणे त्याने बिनचूक सोडवली. मग मी त्याच चार मूलद्रव्यांची दुसरी आयनीभवन ऊर्जा विचारली, तेव्हा त्याने जुनाच क्रम पुन्हा लिहिला. एक इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडिअमची रचना निऑनसारखी, मॅग्नेशिअमची सोडिअमसारखी, अ‍ॅल्युमिनिअमची मॅग्नेशिअमसारखी आणि सिलिकॉनची अ‍ॅल्युमिनिअमसारखी होते. त्यामुळे क्रम मॅग्नेशिअम १४५१, सिलिकॉन १५७७, अ‍ॅल्युमिनिअम १८१७ आणि सोडिअम ४५६२ असा लागतो. रचना लिहून काढताच हे त्याचे त्यालाच उमगले. इतक्या कष्टाळू मुलाचे गुण अशा कागदापायी जावेत, याचे मला आजही वाईट वाटते.

नायट्रोजनची (१४०२) आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा (१३१४) जास्त का, या प्रश्नाला ‘अर्धे भरलेले उपकवच स्थिर असते’ एवढेच उत्तर मला अपुरे वाटते. ऑक्सिजनच्या एका २पी ऑर्बिटलमध्ये (उपकवचातल्या जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनांच्या जागेत) दोन इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि त्यांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे त्यांतला एक काढणे सोपे जाते, हे स्पष्ट लिहावे.

आयनीभवन ऊर्जा वायुरूप, सुट्या अणूची असते. उत्तरात ‘वायुरूप’ हा शब्द गाळू नये. लोहाचा अणू आयन होताना ३डीच्या आधी ४एसमधले इलेक्ट्रॉन जातात. ‘गणात खाली घटते’ हेही सर्वत्र खरे नाही: गॅलिअमची ऊर्जा (५७९) अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा किंचित जास्तच आहे, कारण ३डी इलेक्ट्रॉनांचा आडोसा तोकडा पडतो.

माझ्या वर्गात क्रम लावण्याआधी प्रत्येक अणूची इलेक्ट्रॉन रचना लिहून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनभोवती गोल करावाच लागतो. त्याशिवाय पहिल्या २० मूलद्रव्यांचा आलेख मी प्रत्येकाला आलेखाच्या कागदावर हाताने काढायला लावतो, आणि घाई असलेल्यांनाही त्यातून सूट देत नाही. हीलिअम, निऑन व अरगॉन ही शिखरे, लिथिअम, सोडिअम व पोटॅशिअमपाशी येणारे खोल उतार आणि बोरॉन, ऑक्सिजन, अ‍ॅल्युमिनिअम व गंधक येथल्या लहान खाचा एकदा स्वतः काढल्या, की अपवादांची वेगळी यादी लागत नाही. त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेचे बिंदू जोडले, की तीच शिखरे एक घर उजवीकडे, म्हणजे लिथिअम, सोडिअम आणि पोटॅशिअमवर, सरकलेली दिसतात.