सोंड्या माडात शिरण्याआधी

पाऊस तोंडावर आला की वाडीतली बाकीची कामं उरकतात, माडावरच्या सोंड्याचं (खोड पोखरणाऱ्या लाल, सोंडेवाल्या भुंग्याचं) काम मात्र राहून जातं, कारण तो दिसत नाही. दिसतो तो कलंडलेला शेंडा, आणि तोवर माड गेलेला असतो. मादी दोन-तीनशे अंडी घालते, ती तीनेक दिवसांत फुटतात आणि अळ्या पुढे महिना-दोन महिने खोड आतून पोखरतात. अंडी घालायला तिला मऊ जागा लागते, म्हणजे बहुतेक वेळा जखम. त्यामुळे तयारी औषधाच्या बाटलीपासून नाही, कोयत्यापासून सुरू करायची.

माडावर चढणाऱ्या पाडेल्याला आधीच बजावून ठेवा: चढायला खोडावर खाचा पाडायच्या नाहीत, आणि हिरवी झावळी तोडावीच लागली तर खोडापाशी साफ न करता चारेक फूट देठ राखायचा. आखूड तोडलेला माड नीटनेटका दिसतो खरा, पण त्या ताज्या कापाच्या वासावर सोंड्या येतो. जुन्या जखमा खरवडून डांबर लावायचं. पाच ते वीस वर्षांचे माड आधी बघा, धोका त्यांनाच जास्त.

वर चढलेल्या माणसाकडून गेंड्याही (शिंगवाला काळा भुंगा) बघून घ्या. झावळ्यांवर पंख्यासारखे त्रिकोणी काप असतील तर तो शेंड्यात बसलेला आहे. त्याच्याच भोकातून सोंड्या आत जातो. लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढायचा आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरायची. गेंड्याचं मूळ घर शेणखताचा खड्डा. तो उपसून पांढऱ्या, वाकड्या अळ्या कोंबड्यांना टाका, उरलेल्या खतात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. तिला ओल लागते, तेव्हा खत सुकू देऊ नका.

कामगंध सापळ्यासाठी (वासाने भुंगे ओढून पकडणारा सापळा) बादली, बाहेरून गुंडाळायला गोणपाट (गुळगुळीत बादलीवर भुंगा चढत नाही), सोंड्याची ल्युअर (त्याला ओढणाऱ्या वासाची कुपी) आणि आत गूळ, पिकलं केळं किंवा माडी घातलेलं पाणी एवढं पुरतं. हेक्टरी एक सापळा. पण तो माडाला बांधायचा नाही, विशेषतः कोवळ्या माडाजवळ तर नाहीच. वेगळ्या खांबावर लावायचा, नाहीतर आपणच पाहुणे दारात बोलावले. आतलं आमिष आठवड्याने बदला. शेजारच्या वाड्यांनीही सापळे लावले तरच खरा उपयोग, तेव्हा त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

त्यानंतर दर महिन्याला खोडाभोवती एक फेरी. तपकिरी चिकट पाझर दिसला म्हणजे सोंड्याच असं नाही, खोड पाझरण्याचा बुरशीजन्य रोगही असतो. भोकातून चावलेला चोथा बाहेर आला असेल, खोडाला कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज येत असेल, मधल्या झावळ्या पिवळ्या पडत असतील, तर मात्र शंका नको. तयार नारळ आणि शहाळी आधी उतरवून घ्या. खालची भोकं चिखलाने किंवा सिमेंटने बुजवा आणि सगळ्यात वरच्या भोकातून नरसाळ्याने इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक, लिटर पाण्याला १ मिली या प्रमाणात, ओतून तेही बंद करा. हातमोजे हवेतच. शंका असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात विचारा.

शेंडाच गेला असेल तर औषधावर पैसे घालवू नका. माड पाडून खोड उभं चिरायचं, आतल्या अळ्या आणि काथ्याच्या कोशांसकट जाळायचं. सरपणाला म्हणून ओंडके कुंपणाशी रचून ठेवायचे नाहीत.